रसाचा गूळ झाला, मग गुळाचा रस होतो का? (लेकराचा एक मार्क गेलाय)

गुऱ्हाळवाला_मांजराकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न सहावीच्या विज्ञानाचा आहे, पण विचारणारा बाप आहे. हसू नका.

आमचं लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठाला गुऱ्हाळ आहे. दिवाळी झाली की चरक सुरू, ते होळीपर्यंत चुलवाण (काहिलीखालची भट्टी) विझत नाही. मी बारावी सायन्स केलं, पुढं जमलं नाही. आज्याचं गुऱ्हाळ बापानं चालवलं, आता मी चालवायलोय. लेकरू सहावीला आहे. परवा चाचणीचा पेपर घेऊन आलं आणि पाठीवरचं दप्तर न काढताच काहिलीपाशी, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी, येऊन उभं राहिलं.

पेपरातला प्रश्न असा: परिवर्तनीय बदलांना गोल करा. पाण्याचा बर्फ होणे, दुधाचे दही होणे, उसाच्या रसाचा गूळ होणे, कागद जळणे. ह्यानं दोन गोल केले, बर्फाला आणि गुळाला. गुळावर लाल फुली.

मी म्हणलं, बरोबरच आहे की मॅडमचं. तर मलाच म्हणतंय, "पप्पा, तुम्ही रसातलं पाणीच तर आटवता. जितकं उडालं तितकं गुळात परत टाकलं की झाला रस. मग फुली कामून?"

गुळव्या (गूळ करणारा कारागीर) तिथंच होता, तो हसला. मलाही हसू आलं. पण रात्री पडल्या पडल्या विचार केला तर उत्तर येईना. उलट लेकराच्या बाजूनंच पुरावा सापडायला लागला. पावसाळ्यात ढेपी पाघळतात, कडा चिकट होतात, गिऱ्हाईक घेत नाही. तसला गूळ आम्ही टाकून देत नाही. पुढच्या हंगामात पाण्यात विरघळवतो, गाळतो, ताज्या रसात मिसळून पुन्हा काहिलीत घालतो. म्हणजे गुळाचा रस करून त्याचा परत गूळ करण्याचं काम आमच्याच घरात तीन पिढ्यांपासून चालू आहे! २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या साली तर ऊसच नव्हता, आणि बापानं माळ्यावरच्या जुन्या ढेपी काढून असंच एक आधण केलं होतं, निव्वळ चुलवाणाला खाडा नको म्हणून.

पण दुसरी बाजू पण मला माहीत आहे. असला दुबार गूळ कधी पयल्यासारखा येत नाही. रंगाला काळपट, हाताला मऊ, आणि ढेप लवकर बसते. का, ते मला सांगता येत नाही. आज्या म्हणायचा, "एकदा जाळ बघितलेला गूळ आहे तो."

तर सांगा. मार्कासाठी भांडायचं नाही, मॅडम चांगल्या आहेत. पण लेकराला काय सांगू? परिवर्तनीय का अपरिवर्तनीय?

लातूरकर_सध्या_पुणे

भाऊ, इकडं कॉलेजसमोरच्या गाड्यावर रस म्हणून जे देतात ते बर्फाचं पाणी आहे का उसाचं, हे आधी ठरवा, मग गुळाकडं येऊ. तुमचं पोरगं हुशार आहे, वकील करा.

खडू_फळा

मी अंबाजोगाईत विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न वाचून चहा गार झाला.

आधी एक गाठ सोडवू. पोरांच्या (आणि खरं सांगायचं तर आम्हा शिक्षकांच्याही) डोक्यात एक चुकीचं समीकरण पक्कं बसलेलं असतं: भौतिक बदल म्हणजे परिवर्तनीय आणि रासायनिक बदल म्हणजे अपरिवर्तनीय. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नवा पदार्थ तयार झाला का, हा एक. मूळ पदार्थ पुन्हा मिळवता येतो का, हा दुसरा. ज्वारी दळली, पीठ झालं. पदार्थ तोच, बदल भौतिक, पण पिठाची ज्वारी करून दाखवणारा मला अजून भेटलेला नाही. उलट इन्व्हर्टरची बॅटरी घ्या. लाइट गेली की आतलं शिसं, शिशाचं ऑक्साइड आणि आम्ल यांची अभिक्रिया होऊन शिशाचं सल्फेट बनतं. शुद्ध रासायनिक बदल. लाइट आली की तीच अभिक्रिया उलटी. आपल्याकडच्या भारनियमनात हा बदल दिवसातून किती वेळा मागंपुढं होतो ते तुम्हाला सांगायला नको. मात्र बॅटरी महिनाभर उतरलेलीच ठेवली तर त्या सल्फेटचे कडक खडे होतात आणि चार्जिंगला दाद देत नाहीत. म्हणजे एकच बदल, वेळेत उलटवला तर उलटतो, नाहीतर नाही.

आता गूळ. तुमच्या काहिलीत एक बदल होत नाही, तीन-चार एकदम होतात. इथंच पेपर काढणारानं घोटाळा केला.

पाणी उडतं. हे तुमच्या लेकरानं बरोबर धरलं. रसात पाच हिश्श्यांपैकी चार हिस्से पाणीच असतं, आणि तेवढ्यापुरता बदल परिवर्तनीय आहे.

दुसरं, तुम्ही भेंडी घालता ना? तिच्या चिकट रसाला धरून मळी वर येते आणि तुम्ही ती झाऱ्यानं काढून टाकता. मळीत उसातली प्रथिनं असतात. उष्णतेनं ती गोठतात, अंड्याचा पांढरा गोठतो तशी. पाणी घालून अंडं परत कच्चं होत नाही.

तिसरं, आणि हे तुमच्या आज्याच्या वाक्याचं उत्तर आहे. उसाचा रस थोडा आंबट असतो. आंबट आणि तापलेल्या रसात साखरेचा कण तुटतो, त्याचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. पाणी घालून हे तुकडे परत जुळत नाहीत. त्यातलं फ्रुक्टोज हवेतली ओल ओढतं, म्हणून गूळ पावसाळ्यात पाघळतो. दुबार गुळाला दुसऱ्यांदा जाळ लागला की आणखी साखर तुटते, म्हणून तो मऊ येतो आणि बसतो. काही जण रसात चुन्याची निवळी घालतात ती आंबटपणा मारायलाच. पण चुना जास्त झाला की गूळ काळवंडतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

चौथं, रंग. शर्करा आणि प्रथिनांचे घटक उष्णतेत एकत्र येऊन तपकिरी पदार्थ बनतात. भाकरीच्या पापुद्र्यावर डाग पडतात ते ह्याच जातीचे. तेही माघारी जात नाही.

मी तपासनीस असतो तर फुली मारली नसती. अर्धा मार्क दिला असता आणि पोराला वर्गासमोर उभं करून त्याचं म्हणणं मांडायला लावलं असतं. एका शब्दात उत्तर मागायला हे उदाहरण चालतच नाही.

एक काम करा. तुमच्याकडं रसाची गोडी मोजायचं ब्रिक्स मीटर असेल. रस आणि गुळाचं पाणी दोन्ही मोजा. मग चव घ्या. मग लिहा इथं.

भट्टीवाला_परभणी

सरांचं वाचून बोलावंसं वाटलं. आमची वीटभट्टी आहे. परिवर्तनीय काय आणि अपरिवर्तनीय काय, हे मला दोन वर्षांमागं एका रात्रीत शिकायला मिळालं, फी थोडी जास्त बसली.

मार्च महिना. थापून वाळवलेल्या कच्च्या विटा खळ्यात ओळीनं लावलेल्या. शेजारी भट्टी जळून तयार, पक्का माल तसाच रचलेला. रात्री अवकाळी आला. पहाटं जाऊन बघतो तर कच्च्या विटांचा चिखल. नुसता चिखल. बायामाणसांनी महिनाभर थापलेलं सगळं परत मातीत. पक्क्या विटा फक्त ओल्या झाल्या, उन्हं आली की वाळल्या.

माती तीच, साचा तोच, थापणारे हात तेच. उन्हात वाळलेली वीट म्हणजे नुसतं पाणी गेलेलं. पाणी आलं की माती परत. भट्टीत मात्र मातीच्या कणाच्या आत बांधलेलं पाणी पण निघून जातं, ते पाचशे-सहाशे अंशाच्या पुढं, आणि कण एकमेकांना चिकटून वेगळंच काहीतरी होतं. ते पावसाच्या पाण्यानं परत येत नाही. हे मला एका इंजिनिअरनं नंतर सांगितलं. मी म्हणलं, आधी सांगितलं असतं तर ताडपत्री घेतली असती.

आमच्या काळ्या रानाचं पण असंच. मे महिन्यात भेगा पडतात, हात जातो आत. मृगाचा पाऊस झाला की बुजतात. दर साली उघडतात, दर साली मिटतात. पण त्याच रानातली माती एकदा भट्टीत गेली की तिला परत भेग पण पडत नाही आणि परत पीक पण येत नाही.

लातूर_पॅटर्न_आई

एवढं डोकं नका चालवू हो दादा. पुस्तकात जे दिलंय ते लिहायचं. पुढं शिष्यवृत्ती, मग नवोदय, मग नीट. तिथं ओएमआरवर अर्धा मार्क कोणी देत नाही. अपरिवर्तनीय, गोल काळा करा, पुढं चला.

गुऱ्हाळवाला_मांजराकाठ

ताई, तुमचं पण खरं आहे. पण लेकरू आता ऐकायच्या पलीकडं गेलंय.

सर, केलं तुम्ही सांगितलं तसं. मीटर शेजारच्यांकडून आणलं, ते कारखान्याला ऊस घालतात, पक्वता बघायला ठेवलंय त्यांनी. चरकातून ताजा रस घेतला, थेंब टाकला, उजेडाकडं धरलं. १९. मग गूळ २०० ग्रॅम तोलला, ८०० ग्रॅम पाण्यात रात्रभर विरघळवला, सकाळी गाळला. थेंब टाकला. १९! रेघ हलली पण नाही. गुळात थोडं पाणी असतंच, त्यामुळं हिशेब बरोबर बसला असावा.

लेकरू नाचायला लागलं. "बघा! मशीन म्हणतंय रसच आहे!"

मग मी दोन्ही पेले त्याच्या हातात दिले आणि डोळे मिटायला लावले. पयला पेला पिला आणि म्हणलं, "रस." दुसरा तोंडाला लावला, गिळला, आणि लगेच म्हणलं, "हे आजीचं पाणी." आमच्याकडं उन्हातून आलेल्या माणसाला गूळपाणी द्यायची पद्धत आहे, आई अजून देती. डोळे उघडायची पण गरज पडली नाही.

नंतर स्वतःच विचारात पडलं. म्हणलं, मशीन खोटं बोलतंय का? मी म्हणलं, मशीन फक्त विरघळलेलं किती आहे तेवढं मोजतं, काय विरघळलंय ते त्याला कळत नाही. हे उत्तर मला कुठून सुचलं देव जाणे, पण सर, बरोबर आहे ना?

आणखी एक गोष्ट दिसली जी आम्ही रोज बघतो आणि कधी विचार केला नाही. दोन्ही पेले तसेच ओसरीत राहिले. दुपारपर्यंत ताजा रस काळा-हिरवा झाला, वरून फेस. गुळाचं पाणी होतं तसंच तपकिरी. आम्ही रस काढला की लगेच काहिलीत घालतो ते याचमुळं, पण काळा का पडतो ते विचारलं नव्हतं.

खडू_फळा

मीटरबद्दल अगदी बरोबर बोललात. गूळ असो, मीठ असो, त्याला फक्त प्रकाश किती वाकला ते दिसतं.

ताजा रस काळा पडतो तो त्यातल्या एन्झाइममुळं. कापलेलं वांगं काळं पडतं ना, तेच. ही एन्झाइमं पण प्रथिनंच, काहिलीच्या उकळीत मेली. म्हणून तुमच्या गुळाच्या पाण्यात काळं करणारं कुणी उरलंच नाही. पोराला सांगा, त्याच्याच ओसरीत त्याच्या विरुद्धचा सगळ्यात चांगला पुरावा पडला होता.

मोसंबी_जालना

माझा मुद्दा थोडा उलटा आहे. सरांनी बॅटरीचं उदाहरण दिलं, पण पोराला डोळ्यानं दिसेल असं पाहिजे. मोरचूद (कॉपर सल्फेट) घ्या.

आमच्या बागेत डिंक्या रोगासाठी (खोडातून डिंक गळतो तो) बोर्डोपेस्ट लावतो खोडाला, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. त्यातला मोरचुदाचा खडा बघा, किती निळा असतो. एका जुन्या चिनी मातीच्या बशीत चिमूटभर घेऊन मंद आचेवर तापवा. निळा रंग जातो, पांढरी भुकटी राहते. कारण त्या निळ्या खड्यात पाणी बांधलेलं असतं, ते जातं. गार झाल्यावर त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. परत निळं! आणि बशी कोमट लागते, कारण पाणी परत बांधताना उष्णता बाहेर पडते. रासायनिक बदल, आणि डोळ्यासमोर माघारी येतो. हे मला आमच्या कृषी सहायकानं दाखवलं होतं.

आता बोर्डोचंच दुसरं बघा. मिश्रण बरोबर झालं का बघायला आम्ही विळा बुडवतो. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा राहिलाय, चुना वाढवायचा, नाहीतर पानं करपतात. तो तांबूस थर म्हणजे खरं तांबं, लोखंड विरघळून त्याच्या जागी बसलेलं. पुसलं तर निघतं, पण गेलेलं लोखंड काही पात्यावर परत येत नाही. म्हणून बोर्डो लोखंडी बादलीत करत नाहीत, प्लास्टिकच्या ड्रममध्ये करतात. माझ्या थोरल्या भावानं एकदा केलं होतं. बादली गेली आणि फवारा पण गेला.

आणि चुन्याची गंमत तर वेगळीच. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना, साधारण नऊशे अंशाला. त्यावर पाणी टाकलं की फसफसून विरतो. भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू परत चुनखडीच होतो. दगडाचा दगड. छत्रपती संभाजीनगरात (आधीचं औरंगाबाद) बीबी का मकबऱ्याच्या भिंतींना जो गिलावा आहे, तो असाच परत दगड झालेला चुना.

खडू_फळा

मोरचुदाचा प्रयोग उत्तम, पण काका, तो विषारी आहे. स्वयंपाकाची बशी नको, जोरात तापवायचा नाही, आणि पोराला एकट्याला करू देऊ नका. वास घ्यायचा नाही. हात धुवायचे. मी तीस वर्षं हे वर्गात ओरडून सांगत आलोय, इथं पण सांगतो.

गुऱ्हाळवाला_मांजराकाठ

सर, मोरचूद रविवारी करू, मी स्वतः समोर उभा राहीन.

पण मधल्या मध्ये आमच्या लेकरानं दुसरंच काढलं. तुम्ही प्रथिनांचं लिहिलं होतं ते मी वाचून दाखवलं, तर म्हणतंय, "मग मळी परत टाकून बघू. जे काढलं ते सगळं परत दिलं तर रस झालाच पाहिजे." काल सकाळच्या आधणाची मळी एका तांब्यात राखून ठेवायला लावली. गुळव्यानं डोक्याला हात लावला. त्याच्या आयुष्यात मळी कुणी मागितली नव्हती, ती आम्ही उकिरड्यावर टाकतो.

गूळपाण्यात मळी घातली. ढवळली. पुन्हा ढवळली. रवीनं घुसळली. विरघळली नाही. फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या फिरत राहिल्या, थोड्या वेळानं काही खाली बसल्या, काही वर. गाळणीतून ओतलं तर सगळी मळी गाळणीत, खाली परत आजीचं पाणी.

बराच वेळ गाळणीकडं बघत बसलं. मग वहीत लिहिलं, मला दाखवलं नाही, पण झोपल्यावर मी बघितलं. "मळी परत जात नाही. पाणी परत जाते. साखर सगळी परत जात नाही (सर म्हणाले)." आणि खाली: "मॅडमना विचारणे, गूळ होणे हा एक बदल धरायचा का चार?"

मॅडमना उद्या विचारणार आहे. मी मॅडमसाठी एक अर्धा किलोची ढेप सोबत द्यायची म्हणत होतो, तर बायको म्हणली, नको, मार्कासाठी दिल्यासारखं दिसेल. ते पण खरंच. ढेप संक्रांतीला देऊ.

जातो, पाक गोळीला आलाय, गुळव्या हाक मारायलाय.